अफवाबाई, तुमचा पत्ता नेहमी चुकतो

श्रीमती अफवाबाई यांस,
मुक्काम : ज्याच्या त्याच्या खिशात

स. न. वि. वि.

तुमची खुशाली विचारत नाही. ती रोज सकाळी चहाआधीच कळते. ‘शेवटपर्यंत वाचा, टीव्हीवाले हे कधीच दाखवणार नाहीत’ अशी सुरुवात, मध्ये चार उद्गारचिन्हं, शेवटी ‘किमान दहा जणांना पाठवा’. खाली कुणाची सही नाही, तारीख नाही, गाव नाही. साधी लग्नपत्रिका छापतानासुद्धा आमच्याकडे ‘आपले विनीत’ म्हणून पाच-पन्नास नावं टाकतात. तुमच्या निरोपाला मात्र विनीत कुणीच नसतो.

पत्राचं कारण वेगळं आहे. पूर्वी तुम्ही देवाधर्माच्या वेशात यायच्या. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभराला गणपतीपुढे दुधाचे चमचे घेऊन उभं केलंत, ते आमच्या पिढीला चांगलं आठवतं. आता तुम्ही गरिबांच्या कैवारी झाल्या आहात. ‘हा बड्या भांडवलदारांचा डाव आहे’, ‘कंपन्यांचं कारस्थान आहे’, ‘हे सगळं ठरवून चाललंय’ अशी तुमची नवी बोली आहे. ही बोली ऐकली की मराठवाड्यातल्या जुन्या माणसाला लाल बावटा आठवतो, नांदेडच्या उस्मानशाही मिलचं गेट आठवतं. त्यामुळे दोन्हीकडून घोटाळा झालाय. पोरांना वाटतं, तुमचा निरोप पुढे ढकलला की आपण भांडवलशाहीविरुद्ध लढलो. आणि भावाचा, मजुरीचा, पाण्याचा साधा हिशेब मागणाऱ्या माणसाला ‘तुझी डावी कारस्थानं बंद कर’ म्हणून गप्प बसवता येतं. तुम्ही आणि भांडवलशाहीची टीका या सख्ख्या बहिणी आहात, असा जो समज पसरलाय तो खोडून काढायला मी बसलोय.

आधी लातूरच्या मोंढ्यात चला. ऑक्टोबरचा शेवट, दिवाळीची गडबड, रस्त्यावर सोयाबीनच्या कट्ट्यांची रांग. औसा, रेणापूर, अहमदपूरकडून आलेला शेतकरी आडतीसमोर उभा आहे. आडत्या मूठभर दाणे हातावर घेतो, फुंकर मारतो, मीटरमध्ये टाकतो आणि म्हणतो, ‘हवा चौदा हाय, माती धरा, डागी धरा.’ हवा म्हणजे ओलावा. बारापेक्षा जास्त हवा भरली की हमीभावाच्या केंद्रावर माल परत आणि सौद्यात भाव खाली. शेतकरी पट्टी हातात घेतो, हमाली, तोलाई वाचतो, शेवटचा आकडा बघतो आणि गाडीपाशी जाऊन बसतो. त्याच क्षणी खिशात तुम्ही कुजबुजता : ‘बघितलंस? ठरवून पाडला भाव.’

आता खरं काय झालं ते 2021 सालाचं सांगतो. त्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. लातूरच्या इतिहासात असा भाव कुणी पाहिला नव्हता. कुक्कुटपालन उद्योगाने केंद्राकडे उघडपणे तक्रार केली की पेंड परवडत नाही. सोयाबीनचे कारखानदार म्हणाले, आयात करू नका. दोन धनवान गटांचं हे भांडण वर्तमानपत्रात छापून येत होतं. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात खाद्यतेलावरचं आयात शुल्क तीनदा उतरवलं. नवा माल मोंढ्यात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. डिसेंबरात पेंडीवर साठ्याची मर्यादा आली आणि सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद झाले.

बाई, यातलं काय लपून झालं? एकेक निर्णय अधिसूचना म्हणून छापलेला आहे. त्यावर तारीख आहे, क्रमांक आहे, सही आहे. सप्टेंबर 2024 मध्ये विधानसभेच्या तोंडावर कच्च्या खाद्यतेलाचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, निवडणूक पाच दिवसांवर आली तेव्हा खरेदीसाठी ओलाव्याची अट 12 वरून 15 टक्क्यांवर सैल केली. मतं पडून गेली, आणि मे 2025 अखेर ते शुल्क 10 टक्क्यांवर उतरवलं. 2024-25 चा हमीभाव 4,892 रुपये होता आणि मोंढ्यातला भाव त्याच्या खाली घुटमळत राहिला. सरकारला शहरातलं तेल स्वस्त ठेवायचं असतं, कारण तेलाचा डबा महागला की मतं जातात. कुक्कुटवाल्याला पेंड स्वस्त हवी असते. तेल आयात करणाऱ्याला शुल्क कमी हवं असतं. या प्रत्येकाचा आवाज दिल्लीत पोचतो. रेणापूरच्या पाच एकरवाल्याचा पोचत नाही, म्हणून बोजा त्याच्यावर येतो. यासाठी कुणी काळोख्या खोलीत जमावं लागत नाही.

डावी टीका म्हणतात ती हीच. आणि ती तुमच्या मुळावर येते. खुद्द मार्क्सने 1867 मध्ये ‘भांडवल’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बजावून ठेवलंय की भांडवलदार किंवा जमीनदार हा एक माणूस म्हणून मला मोजायचा नाही, त्याच्यातून जे आर्थिक संबंध बोलतात ते मोजायचे आहेत. शेठ सज्जन असला तरी नफ्याचा नियम तोच चालतो. तुम्हाला हे परवडत नाही. तुमची गोष्ट चालायला दुष्ट माणूस लागतो, त्याला चेहरा लागतो आणि तो चेहरा सहसा हाताशी सापडणारा लागतो.

हाताशी कोण सापडतं, तेही आम्ही पाहिलं. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ‘मुलं पळवणारी टोळी’ म्हणून जमावाने ठेचून मारले. त्या दिवसांत त्या भागात तुमचा जो व्हिडिओ फिरत होता, त्यात ओळीने ठेवलेल्या मुलांच्या प्रेतांचं चित्र होतं. ती मुलं 2013 मध्ये सीरियातल्या घौटा इथे विषारी वायूने मेलेली होती. देशभर फिरलेला दुसरा व्हिडिओ कराचीतला, मुलांना जपा असं पालकांना सांगण्यासाठी केलेला. त्याचा शेवट कापला की झाली टोळी तयार.

आमच्या नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावची खंडोबाची जत्रा भरते. मार्गशीर्षात भटक्या जमातींची पालं तिथे मैलभर पडतात, घोडे-गाढवांचा बाजार होतो, जातपंचायती बसायच्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसाला आपण दारात सूपभर ज्वारी घातली, त्याच्याच झोळीत आता पोर दिसायला लागलं. गायरान गेलं, गावात फिरून मागण्याचा मान गेला, शिधापत्रिका नाही, राहण्याचा दाखला नाही. हे सगळं कुणी केलं, हा प्रश्न भटक्याने गावाला विचारायला हवा होता. तुम्ही उलट गावाला त्याच्यावर सोडलंत. नंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच जणांना पाठवता येईल अशी सोय केली. पाच माणसं मेल्यावर पाचाची मर्यादा. कंपनीला याहून स्वस्त उपाय सापडला नसता, कारण निरोप जितका भडक तितका तो जास्त फिरतो आणि फिरण्यावरच या धंद्यांचं पोट चालतं. हा भांडवलशाहीचाच प्रश्न आहे, बरं का. तुम्ही स्वतः त्या बाजारातला माल आहात, म्हणून त्याबद्दल कधी बोलत नाही.

कोरोनाच्या वर्षी तर तुम्हाला उसंत नव्हती. आधी कोंबडीवर आलात. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये चिकनमधून रोग होतो म्हणून सांगितलंत आणि शेडवरचा भाव किलोला वीस रुपयांच्या खाली आणला. मेला कोण? कर्ज काढून शेड बांधणारा. मग कोरोना पसरवतात म्हणत तबलिगींवर आलात आणि आमच्या गल्ल्यांत फळांच्या गाड्यावर नाव विचारायची वेळ आणलीत. 21 ऑगस्ट 2020 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचं नोंदवलं आणि माध्यमांतल्या प्रचारावर ताशेरे ओढले. निकाल मोठा होता, पण तो पुढे पाठवताना मी फार थोड्यांना पाहिलं.

नांदेडकरांना यातला पुढचा भाग विसरता येत नाही. हजूर साहिबला आलेले हजारो शीख यात्रेकरू टाळेबंदीत इथेच अडकले. एप्रिलच्या अखेरीस ते पंजाबात परतले, त्यातले अनेक बाधित निघाले आणि जे बोट काल तबलिगींकडे होतं ते नांदेडकडे वळलं. नांदेडहून रोग आला की पंजाबच्या वाहनांतून नांदेडला आला, यावर दोन राज्यांचे मंत्री भांडले. तोवर लंगरच्या ताटावर पोसलेलं हे शहर रोगाचं घर ठरलं होतं. देश चार तासांच्या मुदतीवर बंद केला, परक्या गावात अडकलेल्यांचं काय करायचं याची तयारी कुणी केली नव्हती, इतकीच ती गोष्ट होती. पण त्यात चेहरा नव्हता.

त्याच रोगाच्या लशीचं घ्या, कारण इथे आमच्या घरचेही तुमच्या नादी लागले. ‘लशीत चिप आहे’ म्हणणाऱ्याला आम्ही हसलो. मात्र ‘लस म्हणजे कंपन्यांचा डाव, रोगच नाही’ हे काही लाल शालवाल्यांच्या तोंडूनही मी ऐकलं आणि वाईट वाटलं. कंपन्यांचा नफा हा प्रश्न खरा होता. एप्रिल 2021 मध्ये पुण्यात बनणाऱ्या लशीचा भाव जाहीर झाला : केंद्राला 150, राज्यांना 400, खासगी रुग्णालयांना 600. बाटली एक, भाव तीन, आणि आठवडाभरात आरडाओरडा झाल्यावर राज्यांचा भाव 300 वर आला. त्याआधी ऑक्टोबर 2020 मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत पेटंटचे नियम तात्पुरते बाजूला ठेवा म्हणून मागणी केली होती. श्रीमंत देशांनी ती दीड-पावणेदोन वर्षं रखडवली आणि जून 2022 मध्ये पातळ करून मंजूर केली. बोलायचं ते यावर होतं. लस कुणाला, कितीला, कधी मिळते, हा गरिबाचा प्रश्न. ‘लस घेऊच नका’ म्हणणाऱ्याने तो प्रश्नच गरिबाच्या हातून काढून घेतला.

पावसाबाबतही तुमची तीच खोड. सांगली-साताऱ्याकडे दुष्काळात पवनचक्क्यांच्या पात्यांनी ढग पळवले म्हणून तुम्ही उठवलंत. आमच्याकडे आभाळात विमान घरघरलं की ‘पाऊस पळवायला आलं’ म्हणणारे अजून भेटतात. 2015 मध्ये औरंगाबादहून सरकारने केलेली उड्डाणं पाऊस पाडण्यासाठी होती, ही त्यातली गंमत. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीचे दहा डबे, पाच लाख लिटर. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती, मांजरा धरण कोरडं होतं. हजार मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या भागात ऊस नको, असं माधवराव चितळे यांच्या सिंचन आयोगाने 1999 मध्येच सांगून ठेवलं होतं. लातूरचा पाऊस आठशेच्या आसपास. तरी ऊस वाढला, कारखाने वाढले, कारण ऊस हे एकच पीक आहे ज्याचा भाव आणि गिऱ्हाईक आधी ठरलेलं असतं, आणि कारखाना म्हणजे सत्ता. माणसं आभाळात पाऊसचोर शोधत होती तेव्हा शेताच्या बांधापाशी ऊस हिरवागार उभा होता. त्याचं नाव घेतलं तर गावातल्या कुणाशी तरी वाकडं येतं. विमानाशी वाकडं येत नाही.

नांदेडच्या सरकारी रुग्णालयाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण अजून लिहिताना हात थांबतो. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 मृत्यू झाले, त्यातली 12 नवजात बालकं. मंजूर खाटा पाचशेच्या आसपास, दाखल रुग्ण त्याच्या जवळपास दुप्पट. हाफकिनमार्फत होणारी औषधखरेदी थांबलेली आणि तिच्या जागचं नवं प्राधिकरण नुकतंच कागदावर आलेलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण लोकांच्या मोबाईलवर काय फिरलं? खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावल्याचा व्हिडिओ. झाला हिशेब चुकता! आरोग्यावर खर्च किती, पदं रिकामी किती, निविदा कुणी अडवली, हे सगळं त्या एका झाडूखाली गेलं.

कट कधी होतच नाहीत असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा एक तर भाबडा असतो किंवा त्यात वाटेकरी. जून 2024 मध्ये नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरात दोन शिक्षकांची चौकशी केली, मोबाईलमध्ये उमेदवारांची प्रवेशपत्रं सापडल्याचं सांगितलं गेलं, गुन्हा नोंदवला गेला आणि तपास सीबीआयकडे गेला. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून तो झाला, असं सीआयडीचं आरोपपत्र म्हणतं. बघा, पवनचक्कीचंच प्रकरण. तुम्ही ढग पळवण्यात गुंतलेल्या होतात आणि जमिनीवर खंडणीचा व्यवहार चालला होता. खरा कट असाच असतो : लहान, हावरा, ओळखीच्या माणसांचा आणि मागे पुरावा सोडणारा. फोनच्या नोंदी, चित्रफिती, शवविच्छेदनाचा अहवाल यांतून तो बाहेर येतो. तुमचा कट जगभर पसरलेला, सर्वशक्तिमान आणि पुराव्याशिवायचा. पुरावा नाही म्हटलं की तुम्ही म्हणता, ‘तोच तर पुरावा!’

नीटचंही मूळ बघा ना. 2024 ला बसलेली मुलं 23 लाखांवर, एमबीबीएसच्या जागा लाखभर, त्यातल्या सरकारी फीच्या निम्म्याच. लातूर पॅटर्नच्या नावावर खोली, मेस, क्लास, टेस्ट सिरीज, सगळं शहर या गणितावर उभं राहिलंय. दोन माणसांना बेड्या पडल्याने ते गणित बदलत नाही. चोर पकडायचाच; पण सरकारी महाविद्यालयं कमी का, हेही विचारायचं. हा दुसरा प्रश्न विचारायला डावा माणूस लागतो आणि नेमका तोच आता फार पुस्तकी बोलतो.

हा दोष तुमचा नाही, आमचा आहे. तुम्ही चार ओळींत सांगता, बोलीत सांगता आणि ऐकणाऱ्याच्या दुखण्याला हात घालून सांगता. आमचे कॉम्रेड ‘नवउदारमतवादी आर्थिक धोरणांच्या परिप्रेक्ष्यात’ म्हणून सुरुवात करतात, तोवर माणूस पट्टी घेऊन घरी गेलेला असतो. कॉम्रेड गोविंद पानसरे यांना हे कळलं होतं. ‘शिवाजी कोण होता?’ ही त्यांची लहानशी पुस्तिका 1988 पासून खेड्यापाड्यांत गेली, कारण ती गावच्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोलत होती. फेब्रुवारी 2015 मध्ये त्यांना गोळ्या घातल्या. तुमच्या विरोधात साधं बोलणारा माणूस किती महागात पडतो, ते मारणाऱ्यांना ठाऊक असणार.

सरकारी खात्यांचं तर विचारूच नका. हिंगोलीत 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये साडेचार रिश्टरचे धक्के बसले, नांदेडची भांडी हलली, किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणीने लातूरकर बाहेर पळाले. अशा वेळी ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढीच ओळ प्रशासनाकडे असते. मग विश्वास कशावर ठेवायचा, ते त्याच कागदावर मराठीत लिहीत का नाहीत?

म्हणून तुमच्यामार्फत एक जाहीर मागणी करतो, कारण तुमचा निरोप माझ्या लेखापेक्षा लवकर पोचतो. लातूर आणि नांदेडच्या बाजार समित्यांनी भावफलकाशेजारी आणखी एक फलक लावावा. त्यावर त्या दिवशीचं खाद्यतेलाचं आयात शुल्क, शेवटची अधिसूचना कोणत्या तारखेची, पेंडीच्या आयातीला परवानगी आहे की नाही, हमीभाव किती, खरेदी केंद्र कुठे उघडलं आणि कधी बंद होणार, हे मोठ्या मराठी अक्षरांत लिहावं. आठवड्यातून एकदा बदललं तरी पुरे. त्याला एक डबा रंग आणि लिहिता येणारा एक माणूस लागेल. वाचकहो, तुमच्या तालुक्याच्या समितीत संचालक ओळखीचे असतील तर या हंगामाआधी त्यांना एवढं विचारा.

कळावे,
नांदेडचा एक वाचक